खुनी कोण, हे त्यांनी विचारलंच नाही

मंडळी, दुपारपासून डोकं फिरलंय, म्हणून लिहितेय.

मी एक रहस्यकादंबरी लिहिलीय. गडमुडशिंगीच्या दूध संस्थेत खून होतो आणि गावातली एक नर्स खुनी शोधून काढते. प्रकाशक गाठून देणारा एजंट हवा म्हणून मुंबईच्या एका एजंटबाईंना ती पाठवली होती. आज त्यांचा फोन आला.

"भाषा छान आहे हो तुमची!" मी खूश. लगेच पुढचं, "आडनावावरून विचारते, तुम्ही बौद्ध ना?"

म्हटलं, "व्हय. का?"

"मग हे खूनबिन कशाला? तुमचं आत्मकथन लिहा ना. तुम्ही जे सोसलंत ते. प्रकाशक लगेच घेतील."

"सोसलंय की. पण ते लिहायचं का आणि कधी, ते मी ठरवणार. तुम्ही कादंबरीचं बोला."

"कादंबरीचं नंतर बघू."

माझा आवाज चढला. "मॅडम, खुनी कोण ते तरी कळलं का?"

त्या म्हणाल्या, "पूर्ण नाही वाचली अजून."

तेवढ्यात आतल्या खोलीत तीच कादंबरी वाचत बसलेली आई ओरडली, "खुनी कोण हाय ते सांगू नगंस गं, माझी शेवटची पानं राहिल्यात!"

मी फोन ठेवला.

आता तुम्हीच सांगा, आडनाव वाचून न थांबता पुढची पानं उलटणारा एखादा एजंट तुमच्या माहितीत आहे का?