काडेपेटीवरचा सांबा

दिवा लावायला बायकोने कपाटातली जुनी काडेपेटी काढली. ती खुळखुळली आणि मी मनाने थेट सौदीतल्या अबकैकच्या तेल-प्लांटच्या कॅम्पात पोचलो.

शुक्रवारची दुपार. प्लांटमधले ब्राझीलचे सहकारी टेबलाभोवती बसून सांबा गात होते. मी दाराशीच उभा होतो. आमच्या फोरमनने, पावलोने, माझ्या हातात काडेपेटी दिली. मी शेगडी पेटवायला निघालो, तर सगळे खो खो हसले.

"पेटवायची नाही, वाजवायची!" पावलो म्हणाला. " इथे नुसतं ऐकायला कोणी बसत नाही."

शाळेत लेझीम खेळायचो, तोच ठेका बोटांत आला. गाणं क्षणभर अडखळलं, मग अख्खं टेबल माझ्या ठेक्यावर गाऊ लागलं! सौदीत आल्यापासून पहिल्यांदाच मी कुठे पाहुणा नव्हतो.

बायको काडी ओढणार, तेवढ्यात मी ओरडलो, "थांब! ते माझं वाद्य आहे."