सोफ्याच्या जागी मासा

बोरिवलीला आमच्या शेजारच्या काकांच्या हॉलमध्ये सोफा नाही. तिथे काचेची टाकी आहे आणि टाकीत माझ्या हाताएवढा लांब, लाल शेपटीचा, मिश्यांवाला मासा. बोटभर होता तेव्हा दुकानदाराने "एवढाच राहतो" म्हणून काकांच्या गळ्यात मारला. माशाने आधी टाकीतले बाकीचे मासे संपवले, मग टाकीच त्याला पुरेना. तेव्हा सोफा गेला.

काका मूळचे मालवणचे. बोलतात कमी, आणि बोलले तरी टाकीकडे बघत. मी एकदा म्हटलं, "काका, तळ्यात सोडून द्या ना." तर भडकले. "आणि थंयचे मासे खंय जातले? चूक माझी, तळ्याची न्हय."

कोळंबी म्हणजे काकांचा जीव की प्राण, पण श्रावणात घरात मासळी बंद. परवा गेलो तर काका जमिनीवर कागद पसरून कोळंबी सोलत बसलेले. काकूंनी हात लावायला साफ नकार दिला होता. सोललेली कोळंबी काकांनी एकेक करून पाण्यात सोडली. मासा तळातून सावकाश वर आला आणि त्याने तोंड उघडलं. काचेत दिसणारा माझा चेहरा अख्खा त्या तोंडात मावला. मी नकळत मागे सरकलो.

काका हलले नाहीत. कागद गुंडाळला, आंघोळ करून आले आणि टाकीसमोर मांडी घालून वरणभात कालवला.

"तो जेवलो," म्हणाले. "आता माका भूक लागली."