अंड्याच्या सोन्याची पीएचडी

आमच्या लॅबमधून वर्षाला एखादा पेपर निघायचा, तोही नशीब जोरावर असेल तर. किस्से मात्र रोज निघायचे! चार जण चहाला बसलो की एक जण सुरू करतो, दुसरा त्याला मध्येच तोडतो, आणि चहा गार होतो. ऐकणारा हसतो. आम्ही तेव्हा हसलो नव्हतो. आमच्या तोंडचं पाणी पळालं होतं, रोज.

लॅब म्हणजे भंडाऱ्यातल्या आमच्या कॉलेजच्या रसायनशास्त्र विभागाची मागची खोली. गोंदिया वेगळा झाला तेव्हा मी शाळेत होतो, आणि तेव्हापासून ऐकत होतो की भंडाऱ्यात आता काही उरलं नाही. उरलं होतं की! ही खोली उरली होती, आणि तिच्यात आमचे गाइड गभणे सर. स्वच्छतेच्या बाबतीत महाकडक. बोटाचा ठसा काचेवर दिसला तरी अख्खी लॅब पुन्हा धुवायला लावायचे.

सरांकडे आम्ही दोघं. मी पवनीकडच्या एका गावातला, घरी तलावातली मासेमारी. माझा विषय पॉलिमर: पाणी शोषून फुगणारी पावडर, धानाच्या बांधीत ओल टिकवण्यासाठी. दुसरी वर्षा हटवार, मोहाडीच्या विणकर घरातली. तिचा विषय सोन्याचा. अंड्याच्या पांढऱ्या भागात सोन्याच्या अणूंचे इवलेसे घोळके, म्हणजे क्लस्टर, तयार करायचे. इतके लहान की सोनं सोन्यासारखं दिसतच नाही, साधं तपकिरी पाणी दिसतं. पण अल्ट्राव्हायोलेट दिव्याखाली धरलं की लालभडक चमकतं.

आणि वर्षाची पीएचडीची मुदत संपत आली होती. वाढवून झाली होती, आता पुन्हा मिळणार नव्हती. डिसेंबरच्या आत थिसिस गेला नाही, तर नोंदणी रद्द आणि सगळी वर्षं पाण्यात. हे सगळ्यांना माहीत होतं, कॉलेजबाहेरच्या चहावाल्यालासुद्धा.

* * *

पहिला मान माझ्या पावडरीला. आमचे अटेंडंट बबनभाऊ, माणूस सोन्यासारखा, पण झाडलोट करताना सांडलेली पावडर त्यांनी सरळ बेसिनमध्ये लोटली आणि नळ सोडून दिला. नळ रात्रभर थेंब थेंब गळत राहिला.

सकाळी मी आलो तर बबनभाऊ दारातच उभे, चेहरा पांढराफटक. म्हणाले, "भाऊ, बेसिनातून साबुदाणा वर येऊन राहिला!"

खरंच येत होता. पारदर्शक, थलथलीत, बेसिन भरून जमिनीवर, आणि पाइपातून खाली प्राचार्यांच्या केबिनच्या मोरीत! प्राचार्यांनी फोन करून विचारलं, हे वाढणं कधी थांबणार? सर मला म्हणाले की तुझं पॉलिमर यशस्वी झालं, आता बादली घे. दिवसभर मी माझं यश उपसत होतो.

* * *

मग अंडी. वर्षाच्या कामाला दर आठवड्याला ताजी अंडी लागत, म्हणून लॅबच्या फ्रीजमध्ये ट्रे असायचा. एक दिवस तपासणीच्या कमिटीसोबत आलेल्या प्राचार्यांनी नेमका तोच फ्रीज उघडला. श्रावण महिना! त्यांनी एकदा अंड्यांकडे पाहिलं, एकदा कमिटीकडे. सरांनी घाईघाईने सांगितलं की यापासून आम्ही सोन्याचे क्लस्टर बनवतो.

झालं! बबनभाऊंनी त्यातलं 'अंडी' आणि 'सोनं' एवढंच उचललं आणि पानठेल्यावर सांगितलं. दोन-चार दिवसांत लाखांदूरकडचा एक पोल्ट्रीवाला एसटीने आला, मांडीवर ट्रे सांभाळत. सरांना म्हणाला, "अंडे माह्याकडचे, सोनं अर्धं-अर्धं."

सरांनी त्याला बसवलं, चहा पाजला, आणि समजावलं की सोनं आम्हीच विकत आणून आत घालतो, अंड्यातून निघत नाही. तो माणूस हादरलाच. "म्हणजे तुम्ही सोनं आणता अन् त्याचं पाणी करता?" असं म्हणून तो ट्रे उचलून निघून गेला.

* * *

आता माझ्या घरच्यांचा पराक्रम. वर्षाचे क्लस्टर नागपूरला मोठ्या मायक्रोस्कोपखाली बघायचे होते. त्याचा नंबर लागायला महिने जातात, आणि नंबर लागला. सॅम्पल बर्फात न्यायचं होतं. बर्फ आणि थर्मोकोलचे डबे आमच्या घरी मुबलक, तेव्हा मी छाती पुढे काढून म्हणालो की एक डबा मी देतो, एसटीच्या कंडक्टरच्या हाती पाठवू, आमचे झिंगे नेहमी तसेच जातात.

संध्याकाळी सरांना नागपूरहून फोन आला. मायक्रोस्कोपवाले साहेब म्हणाले, "सर, झिंगे पोचले. सॅम्पल कधी पाठवता?"

माझ्या पायाखालची जमीन सरकली. कारण त्याच बसने माझ्या काकाने नागपूरच्या आत्यासाठी डबा पाठवला होता, तसाच, त्याच दोरीने बांधलेला. तेवढ्यात माझा फोन वाजला. आत्या रडकुंडीला आली होती. "बाबू, झिंग्याचं तर पाणीच होऊन गेलं रे!"

वर्षाने दाराकडे बोट दाखवलं. मी मिळेल त्या गाडीने नागपूर गाठलं, आत्याच्या ओट्यावरून शिशी उचलली आणि साहेबांच्या दारात उभा राहिलो. साहेब भले निघाले, दुसऱ्या दिवशीची वेळ दिली. झिंगे मात्र परत मिळाले नाहीत.

* * *

इथून पुढचं खरं वाईट.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, नवमीला, आमच्याकडे मशीनची पूजा होते. विणकराच्या घरी मागाची, आमच्या घरी जाळ्याची, तशी लॅबमध्ये यंत्रांची. झेंडूची माळ, हळद, कुंकू. सरांचा या सगळ्यावर काडीचा विश्वास नाही, पण बबनभाऊंसाठी चालवून घ्यायचे. नियम एकच: जे लावायचं ते बाहेरून. आत बोट गेलं तर बोट ठेवणार नाही.

सुट्टी संपली. चमक मोजायच्या मशीनमध्ये वर्षाने नवं सॅम्पल ठेवलं. आलेखावर लाल रंगाच्या जागी उंचवटा येतो, त्याला आम्ही पीक म्हणतो. तो आला. आणि त्याच्या बाजूला, हिरव्या रंगाच्या जागी, आणखी एक आला!

आम्ही बघतच राहिलो. एकच क्लस्टर दोन रंगांत चमकतो? पुन्हा मोजलं, पुन्हा तेच. सर खुर्चीतून उठले, बसले, पुन्हा उठले. वर्षाने त्यावर अख्खं नवं प्रकरण लिहिलं, थिसिसचा सारांश विद्यापीठाकडे गेला, त्यात दोन पीक ठळकपणे नमूद. मोहाडीला तिच्या बाबांनी पेढे वाटले. आलेखातलं त्यांना काही कळलं नव्हतं, पोरगी हसून राहिली एवढं कळलं होतं.

* * *

थिसिस बांधायला जाणार, त्याच्या आदल्या दिवशी वर्षाला काय वाटलं कोण जाणे, तिने मशीनमध्ये नुसतं पाणी ठेवलं. याला ब्लँक म्हणतात: मशीनची स्वतःची चमक त्यात कळते, ती सॅम्पलच्या आलेखातून वजा करायची. खरं तर रोज घ्यायचा असतो. पण मशीनचा दिवा महाग, तो जपायचा म्हणून आम्ही दसऱ्याआधीचाच ब्लँक वापरत होतो.

नुसत्या पाण्याला हिरवा पीक आला.

वर्षाने पाणी बदलून पुन्हा मोजलं, पुन्हा तेच. मी बॅटरी घेऊन मशीनच्या आत वाकलो. सॅम्पल ठेवायच्या खाचेच्या भिंतीवर एक बोट हळद होती, आणि तिच्या वर कुंकवाचा टिपका. बाप्पा! हळद त्या दिव्याखाली हिरवी-पिवळी चमकते, हे बीएस्सीच्या पोरालाही माहीत असतं.

सगळ्यांनी बबनभाऊंकडे पाहिलं. ते बिचारे हात जोडून म्हणाले की मी झाकणावरच लावली जी, आत हात नाही घातला, पोराची शपथ. कुणाचा विश्वास बसला नाही. मला तर त्यांचा असा राग आला होता की विचारू नका. नवल म्हणजे सर एका शब्दाने ओरडले नाहीत. वर्षाने कापसाने आतून सगळं पुसलं, पुन्हा मोजलं. लाल पीक जसाच्या तसा होता, हिरवा गेला. तिने ते प्रकरण उपसून फेकलं, रडत रडत राहिलेलं नीट केलं, आणि मुदतीत थिसिस दिला. पण सारांश आधीच गेला होता, आणि त्यात दोन पीक होते.

* * *

व्हायव्हाला बाहेरचे परीक्षक आले, नागपूरचे, नावाजलेले, आणि तोंडाने फटकळ. हॉल भरलेला. वर्षाचे बाबा मागच्या रांगेत, मांडीवर टोपी ठेवून. परीक्षकांनी एका हातात सारांश धरला, एका हातात थिसिस, आणि शांतपणे विचारलं, "इथं दोन पीक आहेत. इथं एक. दुसरा कुठं गेला?"

वर्षा म्हणाली, "पुसला, सर."

पीएचडीच्या व्हायव्हात उभं राहून पोरगी सांगते की मी पीक पुसला! परीक्षकांनी चष्मा काढला. मग तिने हळदीचं सगळं सांगितलं. ते म्हणाले, मशीनच्या आत हळद, आणि तुम्ही इतके दिवस ब्लँक घेतला नाही? अशा कामावर मी सही कशी करू? हळद लावली कोणी?

बबनभाऊ दाराशी उभे होते, त्यांनी मान खाली घातली. वर्षाने त्यांच्याकडे पाहिलं आणि ती म्हणाली, "सर, मशीनची जबाबदारी माझी होती."

तेवढ्यात पहिल्या रांगेतून गभणे सर उठले.

"मी लावली," सर म्हणाले. "पोरीची मुदत शेवटची होती. बबनने बाहेरून लावली होती, मले वाटलं आतून बी असावी."

मी सरांकडे बघतच राहिलो. आम्हाला बोटाच्या ठशासाठी लॅब धुवायला लावणारा माणूस! बबनभाऊंनी उपरण्याने डोळे पुसले. परीक्षकांनी थिसिस उघडला, पुसल्यानंतरचे आलेख एकेक करून पुन्हा पाहिले, वर्षाला दोन-तीन अवघड प्रश्न विचारले, ऐकले, आणि पेन काढलं. म्हणाले, काम खरं आहे. अभिनंदन, डॉक्टर.

टाळ्या वाजत होत्या, मागे वर्षाच्या बाबांना कुणीतरी उठवून पुढे आणत होतं. सही करता करता परीक्षक सरांकडे झुकले आणि त्यांनी हळूच विचारलं, "कुंकू बी लावलं होतं काय?"

"लावलं होतं," सर म्हणाले.

"मग त्याचा पीक काहून नाही आला?"