तापीकाठचं गोल

नागनाथच्या कानात कायम पाणी वाहत असे. सुरतेतल्या भेस्तानच्या लूमच्या खात्यात, म्हणजे कापडाच्या कारखान्यात, त्याचं उभं आयुष्य गेलं. मागांच्या खडखडाटाने कान गेले आणि त्यांच्या जागी ही सळसळ येऊन राहिली. डॉक्टर म्हणाले, नसा दुखावल्या आहेत. नागनाथ म्हणे, छे, तापी आहे ती. आपल्या जळगावकडच्या गावाशेजारून वाहते तीच. पोटामागे आपण सुरतेला आलो, तशी तीही आली. फक्त आपल्या आधी पोचली.

खातं बंद पडल्यावर त्याला नदीकाठी चौकीदारी मिळाली. इच्छापोरच्या कारखान्यांकडे पाणी नेणारी मोठी लाइन टाकायचं काम चाललं होतं. चर खणायचा, पाइप उतरवायचे, माती लोटायची. नागनाथने निंबाखाली खुर्ची टाकून पाइपांवर नजर ठेवायची. जग त्याच्यापासून जरा दुरूनच चाले. जेसीबी जबडा उघडे, मिटे. बगळे उठत, बसत. माणसांचे ओठ हलत. आणि या सगळ्यावरून ते पाणी वाहत राही.

एका सकाळी चराची एक बाजू आपसूक ढासळली. आत तांबूस, भाजलेल्या मातीची एक कड उघडी पडली. वळणदार. कड पुढे मातीत शिरली होती, पण नागनाथने ती मनातल्या मनात पुरी केली. गोल!

"भिकन, थांब!"

बहिऱ्या माणसाची हाक ती. काठावरचे बगळेसुद्धा उडाले. जेसीबीवाला भिकन धुळ्याकडचा. त्याने मान बाहेर काढली.

"काय व्हयनं काका? साप निंघना का?"

"स्तूप निघालाय!"

समाजाच्या बसमधून नागनाथ एकदा सांचीला जाऊन आला होता. तिथल्या स्तूपाच्या गोलाभोवती चालताना त्याला कोणी काही विचारलं नव्हतं. सुरतेत केस पांढरे झाले तरी लोक विचारत, "काका, गाम कयुं?" गाव कुठलं? आणि त्याला नदीच्या दुसऱ्या टोकाचं नाव सांगावं लागे. आता इथेच, तापीच्या या काठाला, आपली माणसं आपल्याही आधी येऊन गेली असतील तर? मग हेच आपलं गाव.

सुपरवायझर चेतन धावत आला. चांगला पोरगा, पण घाईचा. "काका, तुम्ही चौकीदार पाइपांचे. तुम्हाला तर जिलबीतही स्तूप दिसेल!"

तरी त्याने फोटो काढून वर पाठवला. जुनं काही सापडलं की काम थांबवून कळवायचं, असा नियम होता.

"खात्याला कळवलंय," तो नागनाथच्या कानाशी ओरडला.

"कुठल्या खात्याला? आमचं तर बंद पडलं."

"लूमचं नव्हे हो! पुरातत्त्व खातं! उद्या दुपारपर्यंत कोणी आलं तर ठीक. नाही तर भिकन पुढे जाणार. माझ्याही डोक्यावर साहेब बसलेत."

त्या संध्याकाळी नागनाथने भेस्तानच्या आपल्या वस्तीत दारोदार जाऊन सांगितलं. लोकांनी रविवारी यायचं ठरवलं. पण रविवारपर्यंत गोल राहायला तर हवं.

दुसऱ्या दिवशी नागनाथची बायको काशीबाई पांढरं लुगडं नेसून त्याच्याबरोबर आली. दोघांनी कडेला मेणबत्ती लावली, त्रिशरण म्हटलं आणि मातीच्या ढिगावरून चढउतार करत गोलाला प्रदक्षिणा घातली.

"अहो," काशीबाई हळूच म्हणाली, मग लक्षात येऊन मोठ्याने म्हणाली, "लहानच आहे हो स्तूप. आपल्या पाण्याच्या पिंपाएवढा."

"बाकीचा जमिनीत असेल."

ऊन चढलं तसा नागनाथचा खुर्चीत डोळा लागला. स्वप्नात तापी चराच्या काठापर्यंत आली होती. तिच्यावरून चीवर नेसलेली माणसं चालत येत होती. पावलं भिजत नव्हती. त्यांतल्या एकाने वाकून काही विचारलं. नागनाथला ऐकू आलं नाही. तो नुसता मान हलवत राहिला.

काशीबाईने हलवलं तेव्हा चराजवळ एक जीप उभी होती. हर्षदा मॅडम पुरातत्त्व खात्याकडून आल्या होत्या. त्या चरात उतरल्या आणि ब्रशने माती झाडत बसल्या. पहिल्या कड्याखाली दुसरं कडं निघालं. त्याखाली तिसरं.

"काका, ही विहीर आहे."

नागनाथने कानामागे हात धरला.

"विहीर! पाण्याची! भाजलेल्या मातीची कडी एकावर एक बसवून केलेली. दीड-दोन हजार वर्षांचीही असू शकेल."

भिकन खो-खो हसला. "काका, तुम्ही ते विहिरले फेरा मारात!"

नागनाथ खाली बघत राहिला. चेतनने घड्याळ पाहिलं. "मॅडम, लाइन वळवायची म्हणजे सगळा नकाशा बदलायचा. स्तूप असता तर गोष्ट वेगळी, लोक आले असते. विहिरीसाठी कोण येतंय?"

हे मात्र नागनाथला ऐकू आलं. त्याला आजी आठवली. गावच्या विहिरीपासून लांब, रिकामी घागर घेऊन उभी राहणारी. कोणी दया येऊन वरून पाणी ओतेपर्यंत ऊन डोक्यावर येई. आयुष्यभर त्या विहिरीचं पाणी प्यायली, पण त्या विहिरीत आजीने कधी वाकून पाहिलं नाही.

"मॅडम, वाकून बघू का?" त्याने विचारलं.

"बघा की. विचारताय काय?"

तो गुडघ्यांवर बसला. काशीबाईही शेजारी बसली. दोघं वाकली. आत पाणी नव्हतंच, नुसती ओलसर, काळी माती. तरी दोघं बराच वेळ बघत राहिली, जणू खालून कोणीतरी वर बघत होतं.

मग नागनाथ उठला. "चेतनभाई, विहिरीसाठी आम्ही येऊ."

हर्षदाबाईंनी तिथेच काम थांबवण्याचं पत्र दिलं. लाइन वळवायची की नाही, ते चेतनचे साहेब रविवारी येऊन ठरवणार होते.

रविवारी साहेबांची गाडी आली तेव्हा भेस्तानहून दोन टेम्पो येऊन थांबले होते. नागनाथ टेम्पोंपाशी गेला. सगळ्यांना स्तूप सांगितला होता. "स्तूप नाही," तो ओरडून म्हणाला, "विहीर आहे."

कोणी हसलं नाही. मागून एक म्हातारी काठी टेकत पुढे आली. "बघू तरी," म्हणाली, आणि वाकली. मग दुसरी आली. मग रांगच लागली. मेणबत्त्या पिशव्यांतच राहिल्या. साहेब चराच्या टोकाशी उभे राहून ही न संपणारी रांग बघत होते. शेवटी तेही रांगेत उभे राहिले. वाकून पाहून झाल्यावर त्यांनी चेतनला एवढंच विचारलं, "लाइन वळवायला बेंड किती लागतील?"

लाइन वळली. रीतसर उत्खनन होईपर्यंत विहीर पुन्हा झाकायची, असं हर्षदाबाईंनी सांगितलं. उघडी राहिली तर कडी फुटतील. आधी कापड, मग नदीची बारीक वाळू. शेवटची वाळू नागनाथने हाताने सारखी केली. चेतनने त्याची खुर्ची निंबाखालून उचलून तिथे आणून ठेवली.

"बसा. आता पाइपांचे पण चौकीदार आणि विहिरीचे पण."

दुपारी नागनाथचा डोळा लागला. कानात तापी वाहत होती. आजी घागर घेऊन आली, थांबली नाही, थेट कडेपाशी गेली. वाकली. तिने दोर सोडला आणि त्या सळसळीतून, किती वर्षांनी, नागनाथला स्वच्छ ऐकू आलं: बुडुक.