मॅडमची चुनचुनिया

माझ्या बायकोनं चाळीस वर्षं माझ्या गादीखाली झाडपाला वाळवला. खोटं वाटत असेल तर रायपूरच्या ब्राह्मणपाऱ्यात कुणालाही विचारा. एका पेपरात एक झाड, त्यावर दुसरा पेपर, त्यावर गादी, आणि गादीवर मी. तेव्हा माझं वजन ऐंशी किलो होतं. विजया म्हणायची, "अजी, लग्न केल्याचा हा एक फायदा तरी झाला!"

मी नरहरी खिरवडकर. रेल्वेच्या पार्सल ऑफिसात जन्म घालवला. विजया अचलपूरच्या गुलाबराव मास्तरांची पोट्टी, नागपूरला वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. झालेली. अडुसष्ट साली लग्न होऊन रायपूरला आली आणि मुलींच्या कॉलेजात शिकवायला लागली. झाडं गोळा करत रानोमाळ हिंडायचं काम आमच्याकडे तोवर पुरुषांचं होतं. ही बाई रविवारी सकाळी पदर खोचून, सायकलच्या कॅरिअरला झाडं दाबायच्या दोन लाकडी फळ्या बांधून निघायची. माझी आई दारात उभी राहून माझ्याकडे बघायची आणि मी पेपरात तोंड घालायचो. बायकोची बाजू घ्यायची हिंमत नव्हती माझ्यात, उगाच कशाला खोटं सांगू?

शहात्तर साली, आणीबाणीत, मोठीच गंमत झाली. एका गावात ही चष्मा, वही घेऊन पोचली, तर लोकांना वाटलं नसबंदीवाली आली! अख्खं गाव शेतात पळालं. ही उन्हात पारावर एकटी बसून राहिली. तासाभरानं डोक्यावर टोपली घेतलेली एक तरणी बाई परत आली आणि म्हणाली, पळून पळून माझे पाय दुखले, आता काय करायचं ते कर. ती बिसाहिन. तिच्या टोपलीत चुनचुनिया होती.

चुनचुनिया म्हणजे तळ्याकाठी चिखलात पसरणारी, एका देठाला चार पानं असलेली भाजी. छत्तीसगडात सगळेच खातात. पण बिसाहिनच्या तळ्यातली नेहमीपेक्षा वेगळी होती. पानाची कड वेगळी, देठावर लव. विजयानं ती वाळवून कागदावर चिकटवली, खाली तारीख लिहिली, गाव लिहिलं. नाव मात्र लिहिता येईना. या भाजीला ना फूल ना बी. तळं आटायला लागलं की मुळाशी मसुराएवढ्या कडक गाठी धरतात, त्यांच्यावरूनच जात ठरते. आणि गावच्या बायका तर भाजी कोवळी असतानाच खुडतात, गाठी धरेपर्यंत ठेवतं कोण? मोठ्या शहरातल्या वनस्पती संग्रहालयाला तिनं नमुना पाठवला. उत्तर आलं, गाठी पाठवा.

गाठी धरायच्या मार्चात आणि मार्चात कॉलेजच्या परीक्षा. एका वर्षी रजा काढून गेली, तर तळ्यात म्हशी बसलेल्या. अशी वर्षं गेली. सहा हजार कागद तिनं तयार केले. सगळ्यांना नावं लागली, हा एकच कोरा राहिला. मी एकदा म्हणालो, सहा हजारांत एकानं काय बिघडते? चार दिवस बोलली नाही माझ्याशी.

पुढे राज्य नवं झालं, रायपूर राजधानी झालं, आणि शहराबाहेर नवा रायपूरची आखणी सुरू झाली. बिसाहिनचं गाव त्या आखणीत आलं. तोवर आम्ही दोघं रिटायर झालो होतो आणि विजयाचे गुडघे पार कामातून गेले होते. तळं बुजणार असं कळलं तेव्हा तिनं मला न सांगताच बिसाहिनला निरोप धाडला, काठावरची चुनचुनिया मुळासकट उपटून आण, गाठी बघून आण. बिसाहिन मार्चच्या सुरुवातीला आली, बस बदलून, ओल्या फडक्यात मोठी जुडी घेऊन. विजया डॉक्टरकडे गेली होती. दारात मी.

"मैडम बर आय," मॅडमसाठी आहे एवढंच बिसाहिन म्हणाली, पाणी प्यायली आणि बस चुकेल म्हणून निघून गेली.

आता ऐका माझा पराक्रम. बायको दमून येईल, आपण भाजी तरी निवडून ठेवावी, असं मला वाटलं. चाळीस वर्षांत पहिल्यांदाच वाटलं असेल! मी पेपर पसरून बसलो, एकेक कोवळं पान खुडलं, स्वच्छ धुतलं, लसणाची फोडणी दिली. मुळं, देठं, त्यावरच्या कडक कडक गाठी, सगळा कचरा गोळा करून गल्लीतल्या गायीला घातला. गायीनं चाटूनपुसून खाल्ला.

विजया आली. कढई बघितली. फडकं बघितलं.

"अजी," ती म्हणाली, "मुळं कुठं आहेत?"

मी सांगितलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती खुर्चीवर बसली, चष्मा काढला आणि म्हणाली, "जाऊ द्या. तुम्हाले काय माहीत." आणि रडली. सासूच्या बोलण्यानं नाही, गुडघ्यांच्या दुखण्यानं नाही, एका भाजीसाठी ही बाई रडली. मला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी मी एक बादली उचलली आणि नवा रायपूरची बस धरली. आयुष्यात कधी तिच्याबरोबर रानात गेलो नव्हतो. उतरलो तर नुसते रुंद रस्ते, भन्नाट गाड्या, माणूस औषधाला नाही. विचारत विचारत तळ्यापर्यंत गेलो. तिथं रातोरात मुरूम टाकला होता आणि आता रोलर फिरत होता. तळं संपलं होतं.

बिसाहिन सापडली ती रस्त्याच्या मधल्या दुभाजकात. अंगावर नारिंगी जाकीट, हातात खुरपं. गावच्या बऱ्याच बायका तिथं माळीकामाला लागल्या होत्या. मी झालेली गोष्ट सांगितली.

"गाय ला खवा देव, साहब?" असं म्हणून ती इतकी हसली की शेजारच्या बायका काम सोडून बघायला लागल्या. मी मान खाली घालून उभा राहिलो. मग तिनं हसू आवरून विचारलं, "मैडम रोइस का?"

"हव," मी म्हणालो.

तिनं मला हाताला धरून बोगनवेलीच्या झुडपापाशी नेलं आणि फांदी वर केली. खाली चुनचुनिया! चार चार पानं, हिरवीगार. तळ्याचा काळा गाळ गेल्याच वर्षी काढून दुभाजकात टाकला होता. गाठी त्या गाळात होत्या, टँकरचं पाणी मिळालं आणि त्या फुटल्या. बिसाहिननं पहिल्याच दिवशी ओळखल्या होत्या. बाकीचं तण ती रोज काढायची आणि एवढा तुकडा झुडपाआड राखायची.

पण रोज पाणी पिणाऱ्या त्या भाजीला नवी गाठ एकही नव्हती. आणि सुपरवायझर ओरडत आला, उद्या पाहणी आहे, संध्याकाळपर्यंत सगळं साफ पाहिजे, ये झाडी के नीचे का भी! बिसाहिननं त्याच्याकडे पाठ केली आणि खुरप्यानं अख्खा तुकडा मातीसकट उचलून माझ्या बादलीत ठेवला. उरलेलं तण त्याच्यादेखत उपटलं. बसची वाट बघत मी दीड तास बादली मांडीवर घेऊन बसलो. कंडक्टर म्हणाला, "काका, पूरा तालाब उठा लाए क्या?" मी म्हणालो, "हाँ, बचा हुआ पूरा."

विजयानं बादली बघितली. गुडघे धरत गच्चीवर चढली आणि तिथं ऊन कुठून येतं ते बघत बसली.

"आता पाणी कमी कमी करायचं," ती म्हणाली. "तळं आटून राहिलं असं तिले वाटलं पाहिजे."

पाचव्या दिवशी पानं कोमेजली. माझ्याच्यानं बघवेना. मी गुपचूप तांब्याभर पाणी ओतलं आणि नेमका पकडला गेलो.

"काय करून राहिले तुम्ही? काहून टाकलं पाणी? आधी गायीले घातली, आता बुडवून मारता काय?"

"अगं, मरून राहिली ती!"

"मरत नाही ती. माझ्यापेक्षा चिवट आहे. हात लावाल तर याद राखा!"

त्यानंतर मी रोज सकाळ-संध्याकाळ नुसता राखण करत बसलो, कबुतरं हाकलत. पानं वाळली, माती भेगाळली, मला वाटलं गेलं सगळं. एप्रिलमध्ये विजयानं भिंग घेऊन माती बोटानं बाजूला केली. मुळाशी गाठी होत्या. नऊ मोजल्या आम्ही, पुन्हा पुन्हा मोजल्या. तिनं माझा हात इतका घट्ट धरला की अंगठी रुतली.

चार गाठी पोस्टानं गेल्या. ऑगस्टात उत्तर आलं. जात ठरली होती. इतकंच नाही, या जातीची आपल्या भागातून आधी नोंदच नव्हती. विजयानं जुना कागद काढला, शाईचं पेन घेतलं आणि कोऱ्या जागी नाव लिहिलं. मग बादलीतल्या नमुन्याचा नवा कागद केला. त्यावर 'गोळा करणारे' अशी एक ओळ असते. सहा हजार कागदांवर तिथं वि. न. खिरवडकर आहे. या कागदावर तिनं लिहिलं, बिसाहिन बाई.

"आणि तू?" मी म्हणालो. "चौतीस वर्षं थांबली ना तू यासाठी?"

"थांबली. पण राखली कोणं?"

आम्ही रिक्षा करून नवा रायपूरला गेलो. बिसाहिन दुभाजकातच होती. विजया खाली उतरली, दुखऱ्या गुडघ्यांनी तिच्याशेजारी मातीत बसली आणि कागद उलगडून मांडीवर ठेवला. बिसाहिनला वाचता येत नाही. तिनं विचारलं, मोर नाव कहाँ हे? विजयानं तिचं बोट धरून अक्षरांवर फिरवलं.

बिसाहिननं ते बोट स्वतःच पुन्हा एकदा फिरवलं. मग पदरानं डोळे पुसून म्हणाली, "गाँव गे, तरिया गे. मोर नाव बाँच गे, मैडम." गाव गेलं, तळं गेलं, तिचं नाव तेवढं वाचलं.

त्यानंतर दोघींनी माझ्याकडे लक्षच दिलं नाही, आणि मी रिक्षावाल्याला थांब म्हणून सांगून आलो.