कॉम्प्युटरचं झबलं

सुटे भाग आणून मी घरीच जोडलेल्या कॉम्प्युटरचा पंखा काल दुपारी एकाएकी घोंघावू लागला. प्रोसेसरचं तापमान मी पडद्याच्या कोपऱ्यात कायम दिसेल असं ठेवलंय. तिथला आकडा नव्वदीकडे निघाला होता. टेबलाखाली वाकून पाहिलं, तर अख्ख्या डब्यावर आईनं फुलाफुलांचं, जाड अस्तराचं कव्हर चढवलेलं!

“अगं आई, त्याचा श्वास कोंडतोय!”

“धूळ जाते रे त्याच्यात,” ती म्हणाली.

आई जीव लावते त्या वस्तूला कपडे शिवते. मिक्सरला झालर आहे, टीव्हीच्या रिमोटलासुद्धा झबलं आहे. हा डबा मात्र इतके महिने उघडाच होता. घरात होता, पण घरचा नव्हता. तो घरचा झाला कालच, हे कव्हर काढताना लक्षात आलं आणि हात जरा रेंगाळला.

कव्हर निघालं तसा पंखा हळूहळू शांत झाला. आईनं डब्याच्या मागच्या जाळीवर पालथा हात ठेवला, लहानपणी माझ्या कपाळावर ठेवायची तसा.

“उतरलाय,” ती म्हणाली.

मी कोपऱ्यात पाहिलं. आकड्याचंही तेच म्हणणं होतं.