तवंग बाजूला सारून

बशी पुन्हा जवळजवळ रिकामीच निघाली. मी वजनकाटा पुसला, झीरो केला, परत वजन केलं. फरक नाही. टेबलावर गुजरातेतल्या एका शेतकऱ्याचं तक्रारपत्र पडलं होतं. नाल्यात बुडवून वाळवलेली धोतराची चिंधी त्यानं पत्राला टाचली होती. चिंधी काळी होती, आणि लिफाफ्यालासुद्धा रॉकेलसारखा वास येत होता. म्हणजे नाल्यात तेल होतं. माझ्या बशीत मात्र नव्हतं.

ही ऐंशीच्या आसपासची गोष्ट. नागपूरच्या एका प्रयोगशाळेत मी केमिस्ट होते. तेलविहिरीतून नुसतं तेल येत नाही, त्याच्याबरोबर जमिनीच्या पोटातलं खारं पाणीही वर येतं. टाक्यांमध्ये तेल वेगळं काढतात आणि पाणी नाल्यात सोडून देतात. त्या पाण्यात किती तेल राहिलेलं चालेल, याची मर्यादा ठरवायचं काम तेव्हा सुरू होतं. त्यासाठीचे नमुने गुजरातेतल्या एका तेलक्षेत्रातून आमच्याकडे येत. टेस्ट साधी आहे. पाण्यात सॉल्व्हंट घालून जोरात हलवायचं, तेल सॉल्व्हंटमध्ये उतरतं. मग तो सॉल्व्हंट बशीत घेऊन तापवून उडवायचा. मागे उरेल ते तेल.

बाटल्या तपासता तपासता मला त्या जागेचं वेडच लागलं होतं. झाकण उघडून वास घेतला की जीव तिकडे ओढ घ्यायचा. आमच्या रामटेकच्या विहिरीला काठ होता, रहाट होता. तेलविहिरीला म्हणे उंच लोखंडी मनोरा असतो. ते पाणी वर येताना कसा आवाज करतं, हे कुठल्याच पुस्तकात लिहिलेलं नव्हतं. टूरसाठी मी तीनदा अर्ज केला. साहेबांचं उत्तर ठरलेलं असे, "बाई, तिथे लेडीजची सोय नाही. गेस्ट हाउसला एकच बाथरूम आहे." एका बाथरूमपायी माझं अख्खं तेलक्षेत्र अडलं होतं.

नमुने आणायला आमचा अटेंडंट सदाराम जायचा. मूळचा कन्हानचा, वयानं माझ्याहून मोठा. दर महिन्याला काचेच्या बाटल्यांचं खोकं घेऊन तो आगगाडीनं जाई आणि भरून आणी. परतला की मी त्याला प्रश्नांनी भंडावून सोडायची.

"पाणी गरम असते, मॅडम. हात पोळते."

"अजून काय असतं?"

"अजून का असन? उजाड रान आहे. तुम्हाले काहून एवढी हौस हो तिथची?"

मी पुढची बाटली उघडून वास घेतला.

बशी रिकामी निघाली त्या दिवशी साहेबांनी बोलावलं. "सोमवारी रिपोर्ट जातोय. नॉर्मल आहे ना सगळं?"

"रिझल्ट नॉर्मल आहे, सर. पाणी नॉर्मल नाही." मी चिंधी पुढे केली. रिपोर्ट असाच गेला असता तर पाणी निर्धोक ठरलं असतं, आणि तो शेतकरी खोटा. "मला जाऊ द्या. नमुना मी स्वतः घेते."

"आधी इथली चूक शोधा. इथे नाही सापडली तर बघू."

"बघू"! तीन अर्जांनंतर पहिल्यांदाच "नाही"च्या जागी "बघू" आलं होतं. मी कामाला लागले. साध्या पाण्यात मोजून तेल घातलं आणि टेस्ट केली. घातलं तेवढं बशीत आलं. सॉल्व्हंट बदलला, बाटल्या बदलल्या. उत्तर तेच. प्रयोगशाळेत चूक नव्हती. आपली चूक नाही याचा आनंद सगळ्यांनाच होतो, मला जरा जास्तच झाला. संध्याकाळी धरमपेठेत जाऊन चिखलात चालतील असे कॅनव्हासचे बूटसुद्धा घेऊन आले. बाजारात तुरी म्हणतात ते हेच.

दुसऱ्या दिवशी, साहेबांकडे जाण्याआधी, एक शंका राहायला नको म्हणून मी टबात पाणी भरलं, वर थोडं इंजिन ऑइल ओतलं आणि सदारामला म्हटलं, "तिथे भरता तसं भरून दाखवा."

तो उकिडवा बसला. बाटलीच्या बुडानं पाण्यावर दोनदा गोल फिरवलं. तवंग बाजूला सरला. मधे स्वच्छ पाणी दिसलं, तसं त्यानं झटकन बाटली तिरपी करून गळ्यापर्यंत भरली आणि माझ्या हातात दिली. एक थेंब तेल नाही.

"तवंग काहून सारला, भाऊ?"

"तवंग सारल्याबिगर कोणी पाणी भरते का? तुम्ही दिवसभर त्या पाण्यात हात घालून राहता. तुम्हाले घाण पाणी कसं आणून देऊ?"

मला रागावताच येईना. माझी आई विहिरीवर घागरीनं असंच पाणी ढवळून भरायची. मीही भरायची. मी गेले असते तरी कदाचित हेच केलं असतं. नमुना कुठून घ्यायचा, किती घ्यायचा, हे सूचनापत्रात मीच लिहिलं होतं. हात कसा चालवायचा ते लिहिलं नव्हतं.

खरं सांगते, त्या क्षणी वाटलं, हे साहेबांना सांगूच नये. चूक इथे सापडली नाही म्हणावं, आणि जावं. तिथे जाऊन पहिल्या दिवशी शोधून काढल्यासारखं करावं. पण मी जाऊन येईस्तोवर सोमवारचा रिपोर्ट कोणी थांबवला नसता.

मी साहेबांना सगळं सांगितलं. ते खूश झाले. "शाब्बास! इथे बसून पकडलंत! रिपोर्ट थांबवतो मी." मग हसून म्हणाले, "म्हणजे आता जायची गरजच नाही. सदारामला नीट समजावून द्या."

मी समजावून दिलं. टाकीच्या पाइपातून पडणारी धार थेट बाटलीत घ्यायची, काही सारायचं नाही. पुढच्या फेरीला बाटल्यांच्या गळ्याला काळं कडं आलं आणि बशीत तपकिरी थर बसला. शेतकरी खरा ठरला. नाल्यात पाणी सोडण्याआधी आणखी एक टाकी बांधायची अट तेलकंपनीला घातली गेली, आणि पुढे ती बांधलीही.

मी रिटायर होऊन बरीच वर्षं झाली. तेलविहीर अजून पाहिलेली नाही. दूरची चूक खुर्चीत बसून सापडली, की शाबासकी मिळते, प्रवास मिळत नाही. मला शाबासकी नको होती.